येऊरची माती कुठे जाते? तीन दिवस, तीन बाटल्या

मे महिन्यात आम्ही नैनितालला जाऊन आलो. परतल्यावर ठाण्यातल्या नौपाड्यात माहेरी बसून बाबांना फोनवरचे फोटो दाखवत होते. तळ्याच्या टोकाचं भलंमोठं मैदान आलं, त्यावर क्रिकेट चाललेलं. मी म्हटलं, "डोंगरात एवढी सपाट जागा, बघा ना." बाबांनी चष्मा वर केला. "ती जागा तळ्यानेच सोडलेली आहे. वरचा डोंगर खाली येऊन बसलाय तिथे."

१८ सप्टेंबर १८८० ला नैनितालमध्ये दरड कोसळली आणि १५१ माणसं गेली. त्या दरडीचा मलबा तळ्याच्या उत्तर टोकाला जाऊन पडला. तिथे आधीपासून थोडी सपाटी होती, ती त्या दिवशी वाढली. आज तिला फ्लॅट्स म्हणतात. आम्ही त्यावर उभं राहून मक्याचं कणीस खाल्लं होतं आणि आम्हाला काही पत्ता नव्हता.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. धरण, कालवा, गाळ हे शब्द आमच्याकडे जेवणाच्या ताटावर असायचे. फोटो संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "हजार किलोमीटरच्या वर जाऊन डोंगरातलं तळं बघून आलीस. आपल्या येऊरच्या डोंगराखालच्या उपवन तळ्यावर शेवटची कधी गेली होतीस?"

दहावीची परीक्षा संपल्यावर. हे मी त्यांना सांगितलं नाही. पण जुलैत लेकाला जोडून सुट्टी मिळाली तेव्हा नेरूळहून तीन दिवसांची बॅग भरून ठाण्याला गेले आणि म्हटलं, चला, दाखवा.

शुक्रवार: मासुंदा आणि उपवन

बाबांनी तीन रिकाम्या बाटल्या पिशवीत टाकल्या, एक लिटरच्या, पाण्याच्या. वर मार्करने १, २, ३ लिहिलं. लेकाने विचारलं तर म्हणाले, "नमुने." त्यापलीकडे काही नाही.

सुरुवात तलावपाळीपासून. कोपिनेश्वराला हात जोडले, मग मासुंदा तलावाला अर्धी फेरी. पाऊस थांबला होता आणि भेळवाल्यांनी प्लास्टिक बाजूला केलं होतं. ठाण्यात पूर्वी साठ-पासष्ट तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. माझ्या लहानपणी ही ओळ शाळेच्या प्रत्येक निबंधात यायची. बाबांना मासुंद्यात फार रस दिसला नाही. "ही आता बशी झालीय," ते म्हणाले. "चारी बाजूंनी पक्की भिंत. डोंगराचं पाणी इथवर येत नाही, त्यामुळे डोंगरही येत नाही. इथे यायचं ते निर्माल्य आणि मूर्तींची माती." तीही आता पूर्वीइतकी येत नाही, कारण गणपतीसाठी कृत्रिम तलाव करायला ठाण्याने बऱ्याच शहरांच्या आधी सुरुवात केली. नौपाडेकर म्हणून मी इथे थोडी कॉलर ताठ करून घेतली.

मामलेदारची मिसळ खाल्ली. लेकाने मध्यम तिखट मागवली आणि रडत संपवली. बाबांनी रस्सा दोनदा मागितला. आईला हे कळता कामा नये, असं ठरलं.

साडेचारला उपवन. रिक्षातून उतरलो तर येऊरचा डोंगर अर्धा ढगात, आणि खाली तळं त्याच्या पायाशी बसलेलं. काठावर जोडपी, सेल्फी, मक्याची कणसं. सगळं बदललंय, पण डोंगर आणि पाणी एका नजरेत मावतात ते तसंच आहे. बाबा गर्दीच्या काठावर थांबलेच नाहीत. डोंगराकडून पाणी आत येतं त्या बाजूला आम्हाला घेऊन गेले. तिथे दोन बगळे उभे होते, पाण्यात पोटरीभर. जरा पुढे पाण्याचा रंग बदलत होता: अलीकडे दुधाळ चहा, पलीकडे हिरवट.

"बगळा कुठे उभा आहे ते बघ. तो सांगतो तळं कुठून भरायला लागलंय." मग लेकाकडे वळून म्हणाले, "पाणी उतारावर धावतं तोवर ओझं वाहतं. तळ्यात शिरलं की दमतं आणि ओझं खाली टाकतं. आधी दगड, मग रेव, मग वाळू. बारीक चिकणमाती मात्र टाकत नाही, ती आत मधोमध जाऊन सावकाश बसते. म्हणून डोंगराखालचं तळं तोंडाकडून उथळ होत जातं आणि मधून गढूळ राहतं."

लेक म्हणाला, "मग काढून टाकायचा ना गाळ."

"काढतातच की. उन्हाळ्यात पोकलेन लावतात, डंपर भरतात. पण वर जातं फिरतंय तोवर खाली पीठ पडतच राहणार."

बाटली क्रमांक १ तिथेच भरली. बाबा गुडघे धरून खाली वाकले तेव्हा मीच घाबरले. काठ शेवाळलेला होता.

*जाणाऱ्यांसाठी: उपवनला सुट्टीच्या संध्याकाळी पार्किंग मिळत नाही, रिक्षानेच जा. सकाळी सातच्या आधी गेलात तर तळं खरंच तुमचं असतं.*

शनिवार: येऊर

रात्रभर पाऊस. बाबा खुशीत होते. "आता डोंगर बोलेल," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी बॅगेत छत्री टाकली. येऊरच्या घाटात छत्रीचा उपयोग शून्य, हे मी आधीच सांगून ठेवते. वारा खालून वर येतो.

नाक्यावर वनखात्याची तपासणी झाली, दारू आहे का वगैरे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं हे ठाण्याकडचं दार. वर गेल्यावर गाडी एका पाड्याजवळ लावली आणि चालायला लागलो. येऊरच्या जंगलाबद्दल मी काय लिहू? पावसाळ्यात ऐनाच्या खोडावरून पाणी वाहताना ऐकलंय का कुणी? ती मगरीसारखी साल, तिच्या भेगाभेगांतून सरकत येणारं पाणी. ते खाली आदळत नाही, उतरतं. बाबांनी लेकाला छत्री उघडायला सांगितली. आधी झाडाखाली, मग शंभर पावलांवरच्या उघड्या जागेत. झाडाखाली छत्रीवर टपटप, बाहेर ताशा.

"हाच फरक," बाबा म्हणाले. "उघड्या मातीवर थेंब हातोडीसारखा पडतो. कण सुटतो, उडतो, सुटलेले कण मातीची भोकं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, वरून धावतं, आणि धावताना आणखी माती घेतं. झाड असलं की पान एक फटका खातं, पाचोळा दुसरा खातो. मुळं उरलेलं धरून ठेवतात."

वाटेच्या कडेला काळ्या वाळक्या काठ्यांचं रानच्या रान उभं होतं. मला वाटलं वणवा लागून गेला. ती कारवी होती. २०२४ मध्ये फुलली, त्याआधी २०१६ मध्ये. सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी निळीजांभळी फुलते, बी टाकते आणि मरते. काठ्यांखाली बाबांनी पाचोळा बाजूला केला. बोटभर उंचीची दोन-दोन पानांची रोपं, हातरुमालाएवढ्या जागेत मी बावीस मोजली. "हे डोंगराला घातलेले टाके आहेत," बाबा म्हणाले, आणि पाचोळा परत जसाच्या तसा पसरून ठेवला. मला तीन दिवसांतलं काय आठवेल असं विचारलंत तर हे. त्यांचे हात, धरणावर आयुष्य गेलेल्या माणसाचे, ती रोपं झाकताना.

दाट झाडीतून येणाऱ्या एका लहान ओहोळाशी बाटली २ भरली. पाणी एवढं स्वच्छ की लेक म्हणाला, यात काहीच नाहीये, कशाला भरताय.

बाटली ३ साठी लांब जावं लागलं नाही. वळणावर एका बंगल्यासाठी उतार कापून काढला होता. लाल मुरूम, त्यावर जेसीबीच्या दातांच्या रेघा, आणि त्या रेघांतून पावसाचे लहानलहान ओघळ. ओघळ गटारात, गटार ओढ्यात, ओढा खाली. बोट घालून बघितलं तर बोटाचं पहिलं पेरसुद्धा दिसेना. कुणाचा बंगला, परवानगी आहे की नाही, मला ठाऊक नाही आणि तो या लेखाचा विषय नाही. पण एवढं कबूल करते की दहा वर्षांपूर्वी अशाच एका बंगल्यावर मैत्रिणीच्या चाळिशीला मी रात्री अकरापर्यंत नाचले होते. तेव्हा तिथे हिरवळीखाली काय होतं असा प्रश्न मला पडला नव्हता.

पाड्यावर परत आलो. एक आजी ओट्यावर रानभाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. टाकळा, कुर्डू, फोडशी, आणि टोपलीत थोडीशी करटोली. करटोलीचा भाव ऐकून मी जरा थबकले, तर आजी म्हणाल्या, "बाई, काट्यातून काढतो आमी. तुमच्या बाजारात दुप्पट हाय." खरंच होतं. मी तिन्ही पालेभाज्यांचे वाटे आणि पाव किलो करटोली घेतली. बाबांनी त्यांना ओढ्याबद्दल विचारलं. आजींनी हात कमरेला लावला. "पोरगी होते तवा खालचा डोह एवढा. कपडे धुवायला आमी कडेलाच बसायचो, आत जायची भीती वाटायची." मग हात गुडघ्यावर आणला. "आता एवढा. दगुड न माती. पानी येतं धावत न जातं धावत. दिवाळीनंतर बघाल तर कोरडा."

मला हे उलट वाटलं. पाऊस तर तेवढाच पडतो ना? गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "जंगल स्पंजासारखं असतं. आज पडलेलं पाणी ते जानेवारीपर्यंत थेंबथेंब सोडतं. स्पंज काढलास तर जुलैत पूर आणि डिसेंबरात खडखडाट. गाळ तेवढा दोन्ही वेळी आपलाच."

आजींच्या सुनेने चुलीवरची तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. पैसे घेईना, मग लेकाच्या हातून दिले. फोडशीची भाजी कशी करायची हे तिने तीनदा समजावलं: मधला पांढरा कडक दोर काढून टाका, नाहीतर घशात बसेल.

*जाणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात ओढ्यात आणि धबधब्यात उतरायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. वर पाऊस झाला की खालचं पाणी मिनिटांत चढतं. रबरी सोलचे बूट घाला. रानभाज्या घ्यायच्या तर सुट्टे पैसे न्या आणि घासाघीस करू नका.*

घरी आल्यावर तिन्ही बाटल्या ओट्याच्या कोपऱ्यात ओळीने ठेवल्या. "रात्रभर हलवायच्या नाहीत," बाबांनी सगळ्यांना बजावलं. सगळ्यांना, म्हणजे आई सोडून. आई तेव्हा देवळात गेली होती.

रविवार: दिघा, वाशी, दिवा कोळीवाडा

सकाळी ओट्यावर दोनच बाटल्या.

"ती मळकट होती ती ना? तुळशीला घातली," आई म्हणाली. "बाटली घासून वाळत ठेवलीय."

"अगं माझा उपवन तलाव ओतलास तू तुळशीत!" बाबा पुढची दहा मिनिटं बोलले नाहीत. आई मात्र ठाम होती की तुळस टवटवीत दिसतेय. तसा शास्त्राधार आईच्या बाजूनेच निघाला, कारण तळ्याचा गाळ शेतात टाकणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि २०१७ पासून सरकारची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजनाही आहे. डोंगराची वरची कसदार माती ती. पण शहरातल्या तलावाच्या गाळात प्लास्टिक आणि सांडपाणीही उतरलेलं असतं, असं बाबा शेवटी न राहवून बोललेच. तुळशीची काळजी त्यांना अचानक वाटायला लागली.

उरलेल्या दोन बाटल्या उजेडात धरल्या. क्रमांक २, जंगलातली: पाणी नितळ, तळाला काळसर पाचोळ्याच्या चुऱ्याची रेघ, नखाच्या जाडीची. क्रमांक ३, कापलेल्या उताराखालची: दोन बोटं लाल गाळ. आणि तो नुसता गाळ नव्हता, त्यात थर होते. सगळ्यात खाली खरखरीत रेव, त्यावर वाळू, त्यावर लोण्यासारखी लाल माती, आणि वरचं पाणी अजूनही चहासारखं. परवा उपवनच्या काठावर बाबांनी सांगितलं तेच, फक्त एक लिटरमध्ये. लेक बाटलीसमोर ओट्यावर हनुवटी टेकवून बराच वेळ उभा होता. दोन्ही ओहोळांत अंतर किती? चालत पंधरा मिनिटं.

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल पकडा तेव्हा डाव्या खिडकीला बसा. पारसिकचा डोंगर सोबत येतो. काही ठिकाणी हिरवागार, काही ठिकाणी दगडखाणींनी अर्धा खाल्लेला, केकसारखा सरळ कापलेला. नवी मुंबईच्या इमारतींत याच डोंगराची खडी आहे, माझ्याही घरात असेल.

दिघ्याला उतरून रिक्षाने इलठणपाड्याकडे गेलो. तिथे डोंगराच्या कुशीत एक जुनं दगडी धरण आहे. ब्रिटिशांच्या काळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. इंजिनं गेली, धरण राहिलं. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की पोरांची झुंबड उडते. आम्ही लांबूनच बघितलं, कारण तिथे पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. बाबांची नजर भिंतीवर नव्हती, वरच्या टोकाला होती. पाणी संपून गवत सुरू होतं तिथे चिखलाची एक जीभ आत आलेली.

"धरण बांधताना आम्ही तळाचा काही भाग गाळासाठीच सोडून देतो. त्याला मृत साठा म्हणतात," ते म्हणाले. "हिशेब असतो की एवढ्या वर्षांत एवढा गाळ येईल. वरचं जंगल तुटलं की तो हिशेब चुकतो, आणि गाळ काही तळाशी जाऊन शिस्तीत बसत नाही. तो आधी तोंडालाच बसतो, तुझ्या पिण्याच्या पाण्याच्या जागेत."

मग त्यांनी चंदिगडच्या सुखना तलावाची गोष्ट सांगितली. १९५८ मध्ये बांधलेला तलाव, वर शिवालिकच्या भुसभुशीत टेकड्या, चराईने बोडक्या झालेल्या. काही दशकांत तलावाची निम्म्याहून जास्त साठवण गाळाने गेली. उपसून उपसून दमले. मग सत्तरच्या दशकात वरच्या सुखोमाजरी गावात लहान बंधारे घातले, आणि त्यांचं पाणी गावकऱ्यांना वाटून दिलं. पाण्याचा वाटा हवा तर डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, हे गावाने स्वतःच ठरवलं. टेकडीवर गवत आलं, झाडं आली, खाली येणारी माती कमी झाली. "खालचा तलाव वाचवायचा तर वरच्या माणसाला काय मिळतं ते आधी विचारावं लागतं." मला कालच्या आजी आठवल्या, करटोलीचा भाव सांगणाऱ्या.

दुपारी नेरूळला घरी जेवण, फोडशीची भाजी (दोर काढूनही एक घशात बसलाच). मग वाशीला एक धारण तलाव बघितला. नवी मुंबईत राहून ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: हे शहर भरतीच्या पातळीच्या आगेमागे वसलंय. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर तलाव ठेवले. भरती आली की दारं मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला दारं उघडून खाडीत जातं. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, जिथे मी रोज चालायला जाते, तेही धारण तलावच. वाशीच्या या तलावात निम्म्या भागात पाणी दिसत नव्हतं. गाळ बसला, गाळावर खारफुटी उगवली. खारफुटी तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. म्हणजे झाड वाचवायचं की पाण्याची जागा, असा पेच. बाबा हसले. "डोंगरावर झाड नाही म्हणून गाळ, आणि गाळावर झाड म्हणून गाळ काढता येत नाही." त्यांना असली वाक्यं आवडतात. सरकारी नोकरीत बोलता आली नसतील.

संध्याकाळी बाबांना ठाण्याला सोडताना ऐरोलीत थांबलो. दिवा कोळीवाड्याजवळ वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे. हिवाळ्यात इथूनच बोटीने फ्लेमिंगो बघायला नेतात, जुलैत ते नसतात. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. फ्लेमिंगो इथे येतात ते चिखलावरच्या शेवाळासाठी. म्हणजे आपण ज्याला गाळ म्हणून नावं ठेवतो त्यावर त्यांचं पोट. हे ऐकून लेकाचा जरा गोंधळ उडाला आणि माझाही.

ओहोटी होती. धक्क्यापासून पाण्यापर्यंत नुसता काळा चिकट चिखल, त्यावर निवट्या, चिखलात राहणारे ते मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. एक होडी पार कलंडून बसलेली. शेजारी एक काका जाळं शिवत होते. बाबांनी विचारलं, होडी बिघडलीय का?

"बिघडायला काय झालं? पानी नाय," काका म्हणाले. "आमचे बापाचे टायमाला ओहोटीलापन होडी निंगायची. आता भरतीची वाट बगायची. खाडी भरली ना सगली." त्यांनी हाताने लांब पारसिककडे आणि पलीकडे येऊरकडे मोघम दाखवलं. "तिकरचा डोंगर हितं येऊन बसतो."

बाबांनी पिशवीतून आईने घासून ठेवलेली बाटली काढली. पुसट झालेल्या १ वर परत मार्कर फिरवला आणि लेकाला म्हणाले, जा, धक्क्याच्या कडेने, जपून. पण पाणी हाताच्या टप्प्यात नव्हतं. लेक बाटली घेऊन तसाच परत आला.

"थांबा जरा," काका जाळ्यातून मान वर न करता म्हणाले. "तासाभरात येल."

आईचा फोन आला, जेवायला किती वाजता येताय. बाबांनी सांगितलं, उशीर होईल, आणि धक्क्याच्या कट्ट्यावर रुमाल पसरून बसले.